अनसूया सिस्टरचा शुक्रवार

शुक्रवारी आमच्याकडे पाहुणे यायचे असले की मी त्यांना फोनवरच सांगून ठेवत असे. गेटमधून आत येताना कडक शिट्टी ऐकू आली तर घाबरू नका. पोलीस नाहीत, पहिल्या मजल्यावरच्या सिस्टर आहेत. आज त्यांचं मौन आहे.

पाहुणे साहजिकच गोंधळत. मौन आहे तर शिट्टी कसली, आणि शिट्टी आहे तर मौन कसलं? आमच्या सोसायटीलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. त्याचा निकाल चर्चच्या फादरांपर्यंत जाऊन लावून घ्यावा लागला. तो मी सांगणारच आहे, पण आधी सिस्टर.

त्यांचं खरं नाव सिस्टर अनुन्सिएता. नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत हे नाव एकालाही एका दमात घेता आलं नाही. सिस्टरनी जिन्यात उभं राहून, कवायत शिकवावी तसं, आम्हाला ते तोडून तोडून शिकवलं. अ, नुन, सि, ए, ता. आम्ही मागून म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. मग कधीतरी दूधवाल्याने त्यांना अनसूया सिस्टर म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. सिस्टरनी शेवटी नाद सोडला. म्हणाल्या, "देवदूताने मरियेला निरोप सांगितला, त्यावरून हे नाव आहे. तुम्हाला निरोपच नीट घेता येत नाही, त्याला देवदूत तरी काय करणार?"

वय सत्तरीच्या पुढे. अंगाने काटकुळ्या, पण पाठ अशी ताठ की भिंतीला टेकून उभ्या राहिल्या तर भिंतच जरा सरळ होईल. बदामी साडी, केस मागे घट्ट बांधलेले, पायात बाटलीच्या झाकणाएवढ्या जाडीच्या टाचांच्या चपला. नगरकडच्या एका साखर कारखान्याच्या गावात जन्म, वडील उसाच्या मळ्यावर मजूर. अठराव्या वर्षी घर सोडून संस्थेत गेल्या, देवासाठी आयुष्य वाहिलं आणि देवाने त्यांना पी. टी.च्या बाई केलं. संस्थेच्या शाळा जिथे जिथे होत्या, तिथे तिथे त्यांनी मुलींना ओळीत उभं केलं. निवृत्त झाल्यावरही शिट्टी गळ्यातून उतरली नाही. लाकडी क्रूस आणि शिट्टी दोन्ही एकाच दोरीत ओवलेली असत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "क्रूस माझ्यासाठी आहे. शिट्टी तुमच्यासाठी."

त्या राहायला आल्या तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त विरोध होता माझ्या सासऱ्यांचा. अप्पा कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही ते घरात बोलत नाहीत, म्हणणं मांडतात. पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट तीन नन भाड्याने घेणार म्हटल्यावर अप्पांनी सोसायटीच्या सभेत उभं राहून म्हणणं मांडलं, की या बायका गोड बोलून माणसं फिरवतात, आज जिन्यात भजन होईल, उद्या आपली नातवंडं तिकडे जातील. सभेला त्या तिघींनाही बोलावलं होतं. सिस्टर लीना त्या छोट्या कॉन्व्हेंटच्या प्रमुख, म्हणजे सुपीरियर, चाळिशीच्या आणि फार सौम्य. त्या काहीतरी समजुतीचं बोलायला उठल्या, तोवर अनसूया सिस्टर उभ्या राहिल्या.

"तुम्हाला बाटवायला मला वेळ नाही," त्या अप्पांना म्हणाल्या. "तुमच्या जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या आहेत. आधी तो जिना धुवायचाय. देवाला गबाळेपणा चालत नाही."

या बाईंकडून गोड बोलण्याचा धोका नाही, हे अप्पांना तिथल्या तिथे पटलं. बाकीच्यांनाही.

'देवाला गबाळेपणा चालत नाही' हे त्यांचं पालुपद. वाळत घातलेल्या कपड्यांतून खाली पाणी ठिबकलं, देवाला चालत नाही. गणपतीच्या आरतीत टाळ मागेपुढे झाले, देवाला चालत नाही. कुणाच्या देवाला, असं एकदा अप्पांनी मुद्दाम विचारलं. सिस्टर म्हणाल्या की ते देवांनी आपापसात ठरवावं, टाळ मात्र तालात वाजवावेत. त्या वर्षी आमच्या सोसायटीच्या आरतीला प्रथमच सगळे एकाच वेळी थांबले.

जिना त्यांनी खरंच धुतला. दर सोमवारी धुवायच्या. आणि त्या धूत असताना तिथून चपला घालून जाण्याची कुणाची छाती नव्हती. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं हातात बूट घेऊन, मोजे भिजवत खाली उतरायची.

त्यांची तीन व्रतं होती. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पैकी दारिद्र्य त्या अतिशय श्रीमंती थाटात पाळत. एका थंडीत मी त्यांना शाल दिली. आठवड्याने ती वॉचमनच्या बायकोच्या अंगावर दिसली. मी जरा नाराजीने विचारलं, तर मलाच ऐकून घ्यावं लागलं. एकदा दिलेली वस्तू पुढे कुठे जाते याची चौकशी करायची नसते, नाहीतर ती दिलेली नसते, ठेवायला दिलेली असते.

आज्ञापालनाची तर आणखीच मजा. नियमाप्रमाणे बाहेर जाताना सुपीरियरची परवानगी घ्यायची. सिस्टर अनसूया जिना अर्धा उतरल्यावर वर तोंड करून खणखणीत आवाजात विचारत, "सिस्टर लीना, मी मार्केटला जातेय, परवानगी आहे ना?" वरून बारीक आवाजात "हो सिस्टर" येईपर्यंत त्या गेटबाहेर असत. एकदा लीना सिस्टर घरात नव्हत्या, तेव्हा हा प्रश्न रिकाम्या घराला विचारला गेला आणि चौथ्या मजल्यावरून कुणीतरी घाबरून "हो" म्हणालं.

आता शुक्रवार.

शुक्रवारी दिवसभर त्या बोलत नसत. येशूने क्रूसावर प्राण दिला तो शुक्रवार, म्हणून. पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं त्यांनीच मला सांगितलं, तेही अगदी मोकळेपणाने. तरुणपणी त्यांची जीभ आजच्यापेक्षाही धारदार होती. कॉन्व्हेंटमधल्या बाकीच्या सिस्टर जेवणाच्या टेबलावर त्यांच्या शेजारी बसायला टाळत. तेव्हाच्या मदरनी त्यांना बोलावून सुचवलं, की आठवड्यातला एक दिवस तुझं बोलणं देवाला अर्पण कर. "देवाला त्याचा किती उपयोग झाला मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या, "सिस्टरांना मात्र झाला. शुक्रवारी माझ्या शेजारची खुर्ची भरायला लागली."

हे मौन सोसायटीला कळायला वेळ लागला नाही आणि त्याचा गैरफायदा घ्यायला त्याहूनही कमी लागला. प्लंबर शुक्रवारी यायला लागला, कारण शुक्रवारी काम अर्धवट टाकून जाता येई. भाजीवाला शुक्रवारी सडके टोमॅटो बिनधास्त वर रचून आणी. आणि हिराजी भोईर शुक्रवारी गाडी थेट गेटच्या तोंडात लावी.

हिराजी भोईर म्हणजे ज्यांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे ते. जमीन दिली, बदल्यात तळमजल्याची दुकानं आणि वरचे काही फ्लॅट घेतले. गळ्यात सोन्याची जाड साखळी, दाराशी पांढरीशुभ्र मोठी गाडी, मनाने अगदी साधा माणूस. पण जिथे त्याच्या बापाने भात लावलं तिथे आपण गाडी कुठे लावावी हे दुसऱ्याने सांगू नये, असं त्याचं म्हणणं. इतर दिवशी सिस्टरपुढे त्याचं काही चालत नसे. शुक्रवारी मात्र तो गाडी आडवी लावून, त्यांच्याकडे बघून नमस्कार करून निघून जाई.

दोन-तीन शुक्रवार सिस्टरनी हे सोसलं. चौथ्या शुक्रवारी हिराजी गाडीतून उतरतोय तोच बाल्कनीतून अशी शिट्टी वाजली की त्याच्या हातातली किल्ली गटारात पडली.

त्या दिवसापासून शुक्रवार हा आठवड्यातला सर्वांत कर्कश दिवस झाला. लांब शिट्टी म्हणजे गाडी. तुटक शिट्ट्या म्हणजे कपड्यांचं पाणी. आणि मध्येच एक खालच्या पट्टीतली, जरा निराश शिट्टी असे, ती प्लंबरसाठी.

अप्पांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, मौन म्हणजे संवादाचा त्याग. शिट्टीने जर गाडी हलते, तर संवाद झाला, म्हणजे व्रतभंग झाला. त्यांनी लीना सिस्टरकडे रीतसर तक्रार केली. लीना सिस्टर म्हणाल्या की हे माझ्या अधिकारात आहे की नाही बघावं लागेल. मग अप्पा रविवारी मिस्साची प्रार्थना संपायच्या सुमाराला चर्चच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि फादरना गाठलं. फादरनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, चर्चच्या कायद्यात शिट्टीबद्दल काहीही लिहिलेलं नाही, आणि सिस्टरना शिट्टी बंद करा असं सांगण्याची हिंमत माझ्यात नाही, तुमच्यात असेल तर तुम्ही सांगा.

हिराजीचा विरोध मात्र करंजाच्या धक्क्यावर मावळला. सिस्टरांच्या घरी त्यांच्या संस्थेच्या संताचा सण होता आणि त्यांना मासळी हवी होती. पनवेलच्या बाजारातली मासळी दमलेली असते असं सिस्टरांचं मत, म्हणून हिराजीच त्यांना पहाटे गाडीत घालून करंजाच्या बंदरावर घेऊन गेला. बोटी लागल्या होत्या, टोपल्यांचा लिलाव चालू होता, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात एका धटिंगणाने पुढे उभ्या असलेल्या कोळणींना ढकलून आत मुसंडी मारली. सिस्टरांचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"सगला बंदर थांबला ना," हिराजी आम्हाला सांगत होता. "लोकांना वाटला सरकारचा मानूस आला. तो गडी तं टोपली टाकूनशी पलाला. मंग म्हातारी कोलीन आली, बोलली, बाय तू रोज ये, तुला पापलेट फुकट." मग जरा थांबून म्हणाला, "अनसूबायला आमी आता काय नाय बोलनार."

तेव्हापासून त्याची गाडी शिस्तीत लागू लागली.

अप्पांनी मात्र शुक्रवारचा वेगळाच उपयोग शोधून काढला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक सिमेंटचं बाक आहे. शुक्रवारी संध्याकाळी सिस्टर तिथे जपमाळ घेऊन बसत. अप्पा जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागले आणि वाद घालायला लागले. समोरचा पक्ष बोलू शकत नाही, अशी संधी त्यांना कोर्टातसुद्धा कधी मिळाली नव्हती. संसार न करता देव देव करणं ही पळवाट आहे, हे म्हणणं त्यांनी सलग तीन शुक्रवार मांडलं. मी वर पोळ्या लाटता लाटता ऐकत असे. मध्येच शिट्टी येईल म्हणून कान टवकारत असे, पण शिट्टी कधी आली नाही. अप्पा जिंकल्यासारखे वर येत आणि एक पोळी जास्त खात.

शनिवारी सकाळी दूध तापायच्या आत बेल वाजे. सिस्टर दारात. मुद्दा पहिला, अशी सुरुवात करून त्या अप्पांच्या आदल्या दिवशीच्या म्हणण्याचं एकेक कलम उलगडत. त्यांना सगळं पाठ असे. पळवाटीच्या मुद्द्यावर त्यांनी विचारलं, की पळून जाणारा माणूस पहाटे चारला उठून चाळीस मुलींच्या वेण्या घालतो का? अप्पा म्हणाले, हा पुरावा ग्राह्य नाही. चहा होई, पुन्हा चहा होई. मंदार, माझा नवरा, शनिवारी मुद्दाम उशिरा अंघोळीला जायचा, ही सुनावणी चुकू नये म्हणून.

एका शुक्रवारी मात्र खिडकीखाली अप्पांचा आवाज वेगळा लागला. सासूबाई गेल्याला तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती. अप्पा कधी त्यांचं नाव काढत नसत. त्या दिवशी ते सिस्टरना सांगत होते, की ती गेली त्या दिवशी सकाळी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट बाजूला सारलं होतं. दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. ताट सारलं ते शेवटचं, असं ते दोनदा म्हणाले. मी गॅस बंद केला आणि खिडकीपासून लांब गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली तेव्हा मी अप्पांच्या आधी दाराशी पोचले. या बाई आता यावरही मुद्दे काढतील की काय? सिस्टर आत येऊन खुर्चीत बसल्या. अप्पा समोर बसले. सिस्टर म्हणाल्या, "आज मुद्दा नाही. चहा घ्यायला आलेय." दोघांनी चहा घेतला. मग त्या उठल्या, जाता जाता आमच्या दारातल्या वाकड्या झालेल्या पायपुसण्याला पायाने सरळ केलं आणि गेल्या.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा गुडघा बिघडला. लिफ्ट नसलेली इमारत आमची. पहिला मजला म्हणजे काही कडा नव्हे, पण त्या प्रत्येक पायरीवर थांबायला लागल्या आणि थांबल्यावर पायरी तपासत असल्यासारखं दाखवायला लागल्या. मग एका सोमवारी, जिना धूत असतानाच, मला म्हणाल्या, "वर्षा, माझी बदली झालीय. पुण्यापलीकडे आमचं म्हाताऱ्या सिस्टरांचं घर आहे, तिथे. पुढच्या महिन्यात." आणि मी काही बोलायच्या आत, तुम्ही उभ्या आहात ती पायरी ओली आहे, खाली उतरा, असं सांगून झाडू पुढे सरकवला.

मला वाटलं होतं त्या भांडतील. ज्या बाईने करंजाचं बंदर थांबवलं ती एक बदली थांबवू शकणार नाही? पण त्या तयारीला लागल्या होत्या. आज्ञा झाली, विषय संपला.

भांडले ते इतर. सर्वांत आधी हिराजी. त्याने येऊन अप्पांना सांगितलं, आपन जाऊन बोलू, तुमाला कोर्टातला येतंय. अप्पा म्हणाले, हे आपल्या अधिकारक्षेत्रात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, काळा कोट हातावर घेऊन तयार बसले होते. मला सुट्टी काढायला लावली. सिस्टरना कळू न देता आम्ही तिघं हिराजीच्या गाडीतून मुंबईला त्यांच्या मुख्य मदरना भेटायला गेलो.

मदर पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, शांत. त्यांनी सरबत दिलं. अप्पांनी उभं राहून म्हणणं मांडलं. सदर सिस्टर या आमच्या वस्तीच्या शिस्तीचा कणा आहेत, त्यांच्या जाण्याने भरून न येणारं नुकसान होईल, सबब बदलीच्या आदेशाचा फेरविचार व्हावा. हिराजीला हे फार लांबण वाटलं. तो मध्येच म्हणाला, "गुडग्याचा वांधा हाय ना? आमी लिफ्ट लावतो. माज्या खर्चानी लावतो. पन बाय आमची हितंच राहूद्या."

मदरनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या की सिस्टर अनुन्सिएताने स्वतः काही मागितलेलं नाही, तिने आज्ञा स्वीकारलीय, आणि तिचं वय आता दुसऱ्याने तिची काळजी घेण्याचं आहे. मग हसल्या. म्हणाल्या, "मी फाइल बघितलीय, म्हणून सांगते. आजवर प्रत्येक गावाहून लोक आमच्याकडे आले, ते यांची बदली करा म्हणून. करू नका म्हणून तुम्हीच पहिले आलात."

परत येताना, सिस्टरना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं गाडीतच ठरलं.

बातमी फुटायची ती फुटलीच. हिराजीच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी सिस्टर आमच्या दारात उभ्या. गुडघ्याचं निमित्त न करता दोन जिने चढून आल्या होत्या. आत येऊन त्यांनी अप्पांना उभं केलं आणि झापायला सुरुवात केली. कुणाला विचारून गेलात? मी पन्नासहून जास्त वर्षं आज्ञा पाळली, आता शेवटच्या बदलीला माझ्या वतीने दयेचा अर्ज? मदर काय म्हणतील, या म्हातारीनेच पाठवलं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते.

सगळं बोलून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या. जरा वेळाने चौकशी करावी तशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "काय बोललात तिथे? नेमकं सांगा."

अप्पांनी सांगितलं.

"शिस्तीचा काय?"

"कणा."

"आणि तो भोईर काय म्हणाला?"

अप्पांनी लिफ्टचं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, नीट ऐकू नाही आलं, परत सांगा. गेटवर सायकल आडवी लागली तरी ज्यांना बाल्कनीत कळे, त्या बाईंना ऐकू आलं नव्हतं. अप्पांनी परत सांगितलं, या वेळी हिराजीच्या भाषेत. "बाय आमची हितंच राहूद्या."

"मग मदर काय म्हणाल्या?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टात इतकी वर्षं काढलेला, लोकांना शपथ देणारा माणूस. म्हणाले, "म्हणाल्या, तुम्ही जिथे जिथे होतात, तिथून दर वेळी लोक आले होते. यांना नेऊ नका म्हणून."



"खोटंसुद्धा गबाळं बोलता," सिस्टर म्हणाल्या. मग पदराने कपाळ पुसलं. "भोईरचं परत एकदा सांगा."

त्यांना पोचवायला हिराजीचीच गाडी गेली. त्याने स्वतः चालवली, अप्पा आणि मी सोबत होतो. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि एक पिशवी. निघायला गेटवर सगळी सोसायटी उतरली होती. सिस्टरनी सगळ्यांना उन्हातून बाजूला व्हायला सांगितलं, लीना सिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जायची परवानगी मागितली. लीना सिस्टरांना या वेळी 'हो' म्हणता येईना, त्यांनी नुसती मान हलवली. या खेपेला अनसूया सिस्टर ती मान हलेपर्यंत थांबल्या होत्या.

घाटात अप्पा आणि सिस्टर पुनर्जन्मावरून वाद घालत होते. वाद खोपोलीच्या जरा आधी सुरू झाला आणि पुणं मागे पडलं तरी चालूच होता. हिराजी आरशातून माझ्याकडे बघून हसत होता.

म्हाताऱ्या सिस्टरांचं घर नगर रस्त्यावरून बरंच आत, डाळिंबांच्या बागांच्या कडेला होतं. बैठी इमारत, पुढे लांबलचक व्हरांडा, व्हरांड्यात चाकाच्या खुर्च्या. फार शांत. इतकी शांतता सिस्टरांच्या वाट्याला कधी आलेली मी पाहिली नव्हती. तिथल्या प्रमुख सिस्टर तिशी-पस्तिशीच्या होत्या, हसत पुढे आल्या. ट्रंक हिराजीने उतरवली. त्या तरुण सिस्टरनी आमच्याकडे बघत विचारलं, की हे सोबत कोण आलेत? सिस्टरांना नातेवाईक नाहीत असं आम्हाला कळवलं होतं.

"शेजारी आहेत," अनसूया सिस्टर म्हणाल्या.

दोन पायऱ्या चढल्या, गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "शेजारी नाही. माहेरचे आहेत. पोचवायला आलेत."

हिराजी गाडीचं दार उगाचच उघडून बंद करायला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अप्पा मात्र पुढे झाले. त्यांनी कोट अंगात घातला, बटणं लावली आणि त्या तरुण सिस्टरपुढे हात जोडून उभे राहिले. मुलगी सासरी धाडताना बाप उभा राहतो तसे. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि मुलीचं चौऱ्याहत्तर.

"आमची पोर जरा तोंडाने फटकळ आहे," अप्पा म्हणाले. "पण मनाने वाईट नाही. सांभाळून घ्या."

त्या तरुण सिस्टरना हसावं की काय करावं ते कळेना. मला वाटलं, आता मुद्दा पहिला येणार.  पण अनसूया सिस्टर खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ कोरत उभ्या होत्या. नगरकडच्या गावातून अठराव्या वर्षी निघाल्या तेव्हा त्यांना पोचवायला कोण आलं होतं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली आणि त्या तरुण सिस्टरना म्हणाल्या, "यांच्या चहात साखर अर्धी घाला. आणि ड्रायव्हरलाही आत बोलवा. तो ड्रायव्हर नाही, घरचाच आहे."